विकल्पाचा कागद

फेब्रुवारीची अठरा तारीख, मंगळवार. रक्कम एक लाख शहाण्णव हजार चारशे वीस रुपये. जागा नगरमधल्या एका खाजगी रुग्णालयाची बिलाची खिडकी. हजर चौघे: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि चाकाच्या खुर्चीत बसलेली तिची आई, म्हणजे माझी सासू. आठवड्यापूर्वी सासूबाईंना हृदयविकाराचा झटका आला होता, दोन स्टेंट बसवले होते आणि त्या दिवशी त्यांना घरी सोडणार होते.

रक्कम अशी होती: रुग्णालयाचे बिल एक लाख अडुसष्ट हजार पाचशे, औषधे एकवीस हजार सातशे चाळीस, तपासण्या सहा हजार एकशे ऐंशी. मी तिथेच उभ्या उभ्या दोनदा बेरीज केली. बरोबर होती.

बायकोच्या भावाने एक लाख दहा हजार भरले. कोल्हारला त्याची शेती आहे, आणि हे पैसे त्याने ठिबकसाठी बाजूला ठेवले होते. उरलेले शहाऐंशी हजार चारशे वीस बायकोने स्वतःच्या खात्यातून दिले. मी काही दिले नाही, कारण देण्याची गरजच नाही असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. बायको विद्यापीठात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. नोकरीला तेवीस वर्षे झाली. आईच्या आजाराचा खर्च विद्यापीठाकडून परत मिळतो, हे तिला माहीत होते, मला माहीत होते.

भाऊ म्हणाला, "ताई, परत करायची घाई नाय. ठिबक पुढच्या साली करू."

"पुढच्या साली कशाला? मी सरकारी पगार घेते. चार महिन्यांत तुझे पैसे तुझ्या हातात."

खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "लेकीनं नोकरी केल्याचं आज सार्थक झालं म्हना."

हे वाक्य मला पुढचे सहा महिने ऐकू येत राहिले.

मी एका अनुदानित शाळेत कार्यालयाचे काम बघतो. वैद्यकीय बिले कशी करतात ते मला शिकवावे लागत नाही. त्रेचाळीस पावत्या होत्या. प्रत्येक पावती तारखेने लावली, प्रत्येकीवर डॉक्टरांची सही आणि शिक्का घेतला, अ, ब, क, ड अशी चारही प्रमाणपत्रे भरून घेतली, सिव्हिल हॉस्पिटलचा शिक्का घेतला, गोषवारा केला. मार्चच्या दहा तारखेला बायकोने फाईल आस्थापना विभागात दिली आणि आवक क्रमांक घेऊन आली. मी तो वहीत लिहिला.

पहिली त्रुटी एप्रिलमध्ये निघाली. एका पावतीवर शिक्का पुसट आहे. ती पावती क्रमांक सतरा, रक्कम दोनशे दहा रुपये. नगरला जाऊन परत शिक्का मारून आणला. जाण्यायेण्याचाच खर्च त्याच्यापेक्षा जास्त झाला.

दुसरी त्रुटी मे महिन्यात. आई मुलीवर अवलंबून असल्याचा दाखला नाही. त्यासाठी मी कोल्हारला गेलो. सासूबाई ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण शेंगा फोडणे हे त्या विश्रांतीतच धरत होत्या. मी कागद पुढे केला.

"म्या कोनावर अवलंबून हाय ते आता गावचा तलाठी सांगनार व्हय?"

"तसा नियम आहे, आई."

"त्याला इचारा, त्याची माय कोनावर हाय."

तरी अंगठ्याऐवजी त्यांनी सही केली. चौथीपर्यंत शिकल्या आहेत आणि सही करायची संधी त्या सोडत नाहीत. दाखला मिळाला. तोही फाईलला लावला.

जूनच्या मध्यात बायकोला आस्थापनेत बोलावणे आले. मी रजा काढून बरोबर गेलो. वैद्यकीय बिलांच्या टेबलावर एक पन्नाशीचा लिपिक बसतो. माणूस वाईट नाही. त्याने चहा सांगितला, मग कपाटातून बायकोचे सेवापुस्तक काढले आणि खूण घातलेले पान उघडून टेबलावर आमच्याकडे फिरवले.

"मॅडम, तुमचं बिल बसत नाही. तुमच्या कुटुंबात आई नाहीये."

"म्हणजे?"

"लग्न झालेल्या बाईने आईवडील किंवा सासूसासरे, एकच जोडी निवडायची असते. तुम्ही सासूसासरे निवडलेत. हा बघा विकल्प."

पान पिवळे पडले होते. आमच्या लग्नानंतर बाराव्या दिवसाची तारीख होती. खाली सही बायकोची. वर सगळा मजकूर निळ्या शाईत, गोल, सुटा, ओळीत नीट बसवलेला. ते अक्षर मी कुठेही ओळखेन. रोज तेच लिहितो मी.

मला लगेच आठवले. लग्नाची रजा संपवून ती कामावर हजर झाली तेव्हा त्यांच्या कार्यालयाने तिला तीन कागद दिले होते. एक नाव बदलाचा, एक भविष्य निर्वाह निधीच्या वारसाचा आणि हा तिसरा. तिने ते घरी आणले. आमच्याकडे रीतच अशी की नव्या सुनेचे सगळे कागद सासरच्या माणसांनी एकदम करून टाकायचे: रेशनकार्ड, बँक, नोकरी. घरात कागदाचा माणूस मी. मी पुढच्या खोलीत बसलो, वडील शेजारी खाटेवर होते. पहिल्या कागदात तिचे नाव बदलले. दुसऱ्यात तिच्या आईचे नाव जाऊन माझे आले. तिसऱ्यात दोन चौकोन होते. मी वाचून दाखवले, तर वडील म्हणाले, "आता ही आपल्याच घरची ना? त्यात विचारायचं काय." मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. बायको आत पोळ्या करत होती. मी कागद आत नेऊन दिले, तिने पीठ लागलेले हात धुतले, तिन्ही ठिकाणी सह्या केल्या. सगळे मिळून दहा मिनिटे लागली नसतील.

आता यातला हिशोब सांगतो, कारण माझा खरा राग इथे आहे. मी स्वतः पगारी नोकर आहे. माझे आईवडील माझ्या नोकरीत आधीपासूनच कुटुंब म्हणून धरलेले होते. मला असला कागद कोणी कधी दिलाच नाही. पुरुषाला निवडावे लागत नाही. म्हणजे त्या एका खुणेने माझे आईवडील दोन नोकऱ्यांवर चढले आणि तिचे आईवडील एकाही नोकरीवर राहिले नाहीत. वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च माझ्या नोकरीतून निघाला. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची बिलेही माझ्याच शाळेतून निघाली. बायकोच्या विद्यापीठातून माझ्या आईवडिलांसाठी एकवीस वर्षांत घेतलेली रक्कम शून्य. आणि हे करणारा माणूस दुधाच्या हिशोबात अर्धा लिटरचा फरक महिनाअखेरीला शोधून काढतो.

पण त्या दिवशी मला माझा राग स्वतःवर काढायचा नव्हता. मी लिपिकाला विचारले, "हा विकल्प बदलता येतो, हे कधी कळवलंत का?"

"बदलता येतो की. अर्ज द्यायचा."

"कळवलंत का, विचारतोय."

"परिपत्रक असतं ना."

"दाखवा."

त्याने दोन फायली चाळल्या, तिसरी काढायला उठला आणि परत बसला. "सूचनाफलकावर लागलं असेल त्या वेळी."

तिथून आम्ही वरच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी फाईल न उघडताच सांगितले की विकल्प आज बदलला तर आजपासून लागू होईल. झालेल्या आजाराला नाही.

मी म्हणालो, "साहेब, मार्चमध्ये फाईल दिली. पहिल्याच दिवशी हे पान बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. तुम्ही आम्हाला दोनशे दहा रुपयांच्या शिक्क्यासाठी नगरला पाठवलंत. म्हातारीला तलाठ्याच्या दाखल्याला बसवलंत. आणि हे आज सांगताय?"

"तपासणी क्रमानेच होते."

"कुठल्या क्रमाने? आधी शिक्के, मग माणूस?"

"तुम्ही यांचे कोण?"

"नवरा."

"मग कर्मचाऱ्याला बोलू द्या."

बायको पुढे झाली. ती म्हणाली, "साहेब, मी या विद्यापीठात तेवीस वर्षं लोकांची माती तपासते. शेतकरी नमुना घेऊन आला की आधी मी त्याला विचारते, कुठल्या शेतातली आणि कुठल्या पिकासाठी. चुकीचा नमुना असला तर तिथंच सांगते, त्याला महिनाभर फिरवत नाही. तुमच्याकडे कोणी मला एवढं पण विचारलं नाही."

साहेबांनी घंटी वाजवली आणि शिपायाला पुढची फाईल आणायला सांगितले.

याला हे लोक लाभ म्हणतात. कर्मचाऱ्यांना मिळणारे लाभ. बायकोच्या विभागात तिच्याबरोबर आणखी सहा बायका डबा खायला बसतात. तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विचारले, तुम्ही काय निवडले आहे. चौघींचा कागद नवऱ्याने भरला होता, एकीचा सासऱ्याने, आणि सहावीला असा कागद असतो हेच माहीत नव्हते. पगारपत्रकाचा रुपया न् रुपया ओळखणाऱ्या बायका आहेत या. हा लाभ त्यांना कळणार कधी, तर तो नाकारला जाईल तेव्हा. तोपर्यंत तो कपाटातल्या पुस्तकात, दुसऱ्याच्या अक्षरात पडून. नव्या माणसाला हजर होताना एक छापील पान द्यायला, वर्षातून एकदा सेवापुस्तक समोर ठेवून "हे बघा, बरोबर आहे का" म्हणायला कितीसा खर्च येतो? सेवापुस्तक कर्मचाऱ्याला दरवर्षी दाखवावे असे नियमात आहे. ते मी शोधून काढले आणि तसा अर्ज दिला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

आस्थापनेतून आलो त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "अक्षर तुमचं आहे."

आणि मी, ज्याला गप्प बसायचे कळायला हवे होते, म्हणालो, "सही तुझी आहे."

तिने हातातला घास ताटात ठेवला. "माझी आहे. नीट बघितली का? आधी जुन्या नावाची सुरुवात केलीय, मग खोडून नवीन लिहिलंय. बारा दिवसांचं नाव होतं ते. तुम्ही पुढे ठेवलंत म्हणून सही केली. वाचायला मागितलं असतं तर तुमच्या वडिलांनी काय म्हटलं असतं?"

पलीकडे बसलेली माझी आई म्हणाली, "मला त्यातलं काही नको होतं गं." बायको म्हणाली, "तुमचं काही नाही त्यात, आई." आणि उठून गेली.

चार महिन्यांची मुदत होऊन गेली होती. जुलैमध्ये तिने भावाला फोन केला. मी शेजारी होतो. तिने सगळे जसेच्या तसे सांगितले, काही झाकले नाही. मग फोन माझ्याकडे दिला.

"दाजी," तो म्हणाला, "तुमचा हिशोब लई पक्का, असं आमी गावभर सांगत हुतो."

"चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या. आई माझी बी हाय. पैसं नगं मला."

बायकोने फोन परत घेतला. "तुझी आहेच. पण तू ते माझ्या शब्दावर भरलेस. तू नको म्हणालास तर पुढच्या वेळी मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मग तो म्हणाला, "बरं. पाठव."

बिल नामंजूर झाल्याचे पत्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आले. तीन ओळींचे. सोबत त्रेचाळीस पावत्या परत, मी लावलेल्या क्रमानेच. त्याच दिवशी बायकोने विकल्प बदलण्याचा अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतः लिहिला. मला दाखवला नाही, मीही मागितला नाही. पोच मात्र तिने घेतली, आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन सेवापुस्तकात नोंद झाली का ते डोळ्यांनी पाहून आली. झाली होती.

विद्यापीठाने दिलेली रक्कम शून्य रुपये. आमच्या पतसंस्थेत माझ्या नावावर दोन लाखांची ठेव होती, मुदतीला सात महिने बाकी होते. ती मोडली, मोडल्याबद्दल व्याज कापले गेले. एक लाख दहा हजार बायकोच्या भावाच्या खात्यात भरले. शहाऐंशी हजार चारशे वीस बायकोच्या खात्यात भरले. तिच्या मोबाईलवर बँकेचा संदेश आला. तिने तो वाचला, "आले" म्हणाली आणि मोबाईल पालथा ठेवला.