डॉक्टरांनी बाबांना चिठ्ठी दिली तेव्हा...

ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. एका मंगळवारी दुपारी आमचे बाबा निर्मळच्या दवाखान्यातून कळंबला घरी आले, ते रिकामी बाटली आणि एक चिठ्ठी घेऊन... आणि आमच्या घरात सुतक लागल्यासारखं झालं.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर त्यात काय एवढं? सांगते. तेव्हा आमचे डॉक्टर औषध स्वतःच द्यायचे. घरून बाटली धुऊन न्यायची. कंपाउंडर तिच्यात लाल नाहीतर पिवळं मिक्स्चर भरायचा, डोस कळावेत म्हणून बाहेरून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. गोळ्या कागदाच्या पुडीत. कसली गोळी, नाव काय... हे विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

चिठ्ठी आमच्या घरात त्याआधी एकदाच आली होती, काकांना. ती घेऊन ते मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले आणि परत आलेच नाहीत. त्यामुळे औषध दिलं म्हणजे माणूस बरा होणार, आणि चिठ्ठी दिली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले... असा आमचा सरळ समज.

बाबांना होतं काय, तर चक्कर आणि डोकेदुखी. मासेमारीला गेले, होडीत उभं राहिलं की गरगरायचं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून तपासलं आणि पेन काढलं. ते पेन कागदाला टेकल्यावर डॉक्टर पुढे काय बोलले, ते बाबांच्या कानात शिरलंच नाही.

"पोरी, वाच त्यात काय लिवलंय," बाबा म्हणाले. मी बारावीला, घरात इंग्रजी येणारी एकटी! मोठ्या ऐटीत चिठ्ठी हातात घेतली... आणि एक अक्षर लागेल तर शपथ. वरची तारीख तेवढी वाचता आली.

मी गप्प बसले, तर आईला वाटलं मी वाचलंय पण सांगत नाहीये. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिला बघून मलाही रडू फुटलं. मग तर बाबांची खात्रीच पटली.

"मुंबयला मी जानार नाय. मरायचं तं घरी मरन," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचून टाकली. विषय संपला.

पुढचे आठ दिवस बाबा कुठलं जाळं कुणाला द्यायचं ते आईला सांगत पडवीत बसून होते. डोकं दुखतच होतं, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी यायची... आणि औषध? डॉक्टरांनी दिलंच नाही, तर घेणार काय! मला मात्र काहीच कळेना. मरायला टेकलेला माणूस दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी कशी काय खातो? पण विचारू कुणाला?

नवव्या दिवशी मी गुपचूप ती चिठ्ठी काढली आणि दवाखाना गाठला. "डॉक्टर, आमच्या बाबांचे किती दिवस राहिलेत?" एका दमात विचारून टाकलं.

डॉक्टर बघतच राहिले. "कसले दिवस? गोळ्या चालू आहेत ना त्यांच्या?"

"कसल्या गोळ्या?"

मला काही समजेना, त्यांनाही काही समजेना. मग हळूहळू उलगडा झाला. ब्लडप्रेशरची गोळी होती, रोज एक. दवाखान्यात ती नव्हती, म्हणून नालासोपारा स्टेशनजवळच्या मेडिकलमधून आणायला लिहून दिली होती. बस्स, एवढंच!

"आठ दिवस एकही गोळी नाही?" डॉक्टरांचा चेहराच उतरला. "अगं, डोक्यात रक्तस्राव झाला असता म्हणजे?" म्हणजे बाबा मरणार नव्हते, पण आमच्या समजुतीपायी मेले असते.

मी म्हटलं, घरी जाऊन समजावते. डॉक्टर म्हणाले, "नको. त्यांना नाही पटायचं. तू गोळ्या आण आणि आधी इथे ये." एसटीने गेले, आणल्या. डॉक्टरांनी कात्रीने पाकीट कापून एकेक गोळी बाहेर काढली, दवाखान्यातल्या नेहमीच्या कागदात पुड्या बांधल्या. "इथूनच दिल्यात म्हणून सांग."

पुड्या बघितल्या आणि बाबा उठून बसले. "मंग आदी का नाय दिल्या?" एवढंच बोलले. महिनाभरात पुन्हा होडीवर!

गोळी जन्माची होती, त्यामुळे पुड्या बांधणं माझ्याकडे आलं. लग्न होऊन अर्नाळ्याला गेले तरी दर रविवारी मी "दवाखान्यातून" आठवड्याच्या पुड्या घेऊन हजर. बाबा तपासून घ्यायला गेले की डॉक्टर साळसूदपणे विचारायचे, "पुड्या वेळेवर मिळतात ना?"

सात-आठ वर्षांनी डॉक्टर गेले. बाबा त्यांच्या अंत्ययात्रेला जाऊन आले, दवाखान्याचं कुलूप बघून आले. त्या रविवारी मी पुड्या घेऊन दारात उभी... आता काय सांगू? कुठल्या तोंडाने सांगू की दवाखान्यातून आणल्या? बाबांनी गोळी सोडली तर?

बाबांनी हात पुढे केला. एक पुडी सोडली, गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायले.

मग म्हणाले, "कागूद जरा जाड घेत जा पोरी. दमट हवेत गोळी इरघळते."

त्यांना कधीपासून माहीत होतं? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बाबाही आता नाहीत, आणि मी अजून गोंधळलेलीच आहे... त्या दिवशी दवाखान्यात बसून मी आणि डॉक्टरांनी मिळून नेमकं कुणाला फसवलं, कोण जाणे. पण डॉक्टर, तुमच्यामुळे मला बाबा आणखी वीस वर्षं मिळाले. तेव्हा म्हणायचं राहून गेलं, म्हणून आज इथे म्हणते... थँक्यू.