हेदरबाईंची पायवाट, आमचं कंपाउंड

इंग्लंडला जायचं ठरलं ते सुहासच्या ब्लड प्रेशरमुळे. माझा नवरा दुबईत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, राहतो आम्ही शारजात. जूनमध्ये डॉक्टरांनी त्याची गोळी वाढवली आणि सांगितलं, पंधरा दिवस साइटपासून लांब, कुठेतरी शांत जागी जा. म्हणून लंडनचे राजवाडे नकोत, म्युझियम नकोत, एक लहानसं खेडं आणि चालायला शेतं, एवढंच बघून मी बुकिंग केलं.

या ब्लॉगवर मी ओमान, जॉर्जिया, अझरबैजान असं बरंच लिहिलंय आणि सगळं गोड गोड लिहिलंय. हे तसं होणार नाही. परत येऊन दोन महिने झाले तरी माझा राग उतरलेला नाही. पण ती जागा बघण्यासारखी आहे, म्हणून आधी कामाची माहिती.

व्हिसासाठी इथूनच अर्ज केला. सॅलरी सर्टिफिकेट, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, भाड्याचा करार, बोटांचे ठसे, आणि मग तीन आठवडे वाट बघणं. रोज कुणीतरी "इन्शाल्ला, धिस वीक" म्हणायचं. तिघांची तिकिटं साडेनऊ हजार दिरहमला पडली, म्हणजे दोन लाख वीस हजारांच्या आसपास. जुलैचे भाव असेच असतात. एप्रिलमध्ये काढली असती तर बरीच स्वस्त मिळाली असती, हे सुहासने विमानात तीनदा ऐकवलं.

लंडनहून हेरफर्डला थेट ट्रेन आहे, तीन तासांची. तिकीट आधी काढा, आयत्या वेळी जवळजवळ दुप्पट पैसे जातात. हेरफर्डहून आम्ही गाडी भाड्याने घेतली. इथलं लायसन्स तिथे चालतं. गाडी भारतासारखी डावीकडून चालवायची, पण शारजात एकोणीस वर्षं उजवीकडून चालवल्यावर सुहासचा हात प्रत्येक वळणावर अडखळत होता. गावाकडचे रस्ते आपल्या पाणंदीएवढेच अरुंद. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच हिरवं कुंपण, समोरून ट्रॅक्टर आला की आपणच रिव्हर्स घेत मागे जायचं. बसही आहे, दिवसातून पाच. रविवारी एकही नाही.

गावाचं नाव मी देत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं तिथेच राहतात. साधारण चाळीस घरं, काळ्या लाकडी चौकटी आणि पांढऱ्या भिंतींची. एक दगडी चर्च, एक पब, आणि गावकऱ्यांनीच पाळीपाळीने चालवलेलं एक दुकान. दुकान चारला बंद होतं, पबमध्ये दुपारचं जेवण दोननंतर मिळत नाही आणि सोमवारी पबच बंद. पहिल्याच दिवशी आम्ही सव्वादोनला पोचलो आणि चिप्सच्या पाकिटावर भागवलं. तेव्हा पोहे, मेतकूट, लोणचं सोबत न्याच. आठवड्याचं घर मात्र तीन हजार दिरहमला मिळालं, सत्तर हजार रुपये. मागे सफरचंदांची बाग, पुढे मेंढ्या. पहिल्या सकाळी सुहास चहा घेऊन दारात बसला आणि तासभर फोनला हात लावला नाही. मला वाटलं, पैसे वसूल झाले.

शेजारच्या घरात हेदरबाई राहतात. वय सत्त्याहत्तर, पूर्वी तालुक्याच्या शाळेत शिक्षिका, आता एकट्या. दुसऱ्या दिवशी त्या मुळ्यांची एक जुडी घेऊन आल्या आणि चालायला जाणार असाल तर कुठे जाऊ नका ते सांगते म्हणाल्या. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. तिथे शेतांमधून सार्वजनिक पायवाटा जातात. जमीन कुणाचीही असो, वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना. खांबावर पिवळा बाण असतो, फाटक उघडायचं, आत जायचं, मेंढ्या बाहेर येऊ नयेत म्हणून मागे लावून घ्यायचं. इतकं साधं. आम्ही तीन दिवस असेच फिरलो. ओटच्या शेतातून, ओढ्याकाठून, एकदा तर एका माणसाच्या अंगणातून, आणि त्या माणसाने हात हलवून आम्हाला गुड मॉर्निंग केलं. इरा, आमची तेरा वर्षांची लेक, शारजातल्या आमच्या वस्तीचं नाव घेत म्हणाली, "आई, इमॅजिन डूइंग धिस इन अल मजाज. सिक्युरिटी वुड कॉल द पोलीस."

हेदरबाईंनी नकाशावर एका वाटेवर लाल फुली मारली होती. ती वाट त्यांच्या घरामागून निघून दहा मिनिटांत दुकानापाशी आणि बसच्या थांब्यापाशी जाते. दोन वर्षांपूर्वी मधलं शेत आणि जुना गोठा लंडनच्या एका गृहस्थांनी विकत घेतला, गोठ्याचं मोठं घर केलं आणि वाटेवरच्या फाटकाला कुलूप घातलं. पिवळा बाण काढून 'खाजगी' अशी पाटी लावली. आता हेदरबाईंना डांबरी रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. फुटपाथ नाही, गाड्या जोरात. त्यांनी काउन्सिलला पत्रं लिहिली होती, फाइल दाखवली मला, चांगली जाडजूड.

सुहास ती फाइल घेऊन बसला. मी त्याला इतका चिडलेला साइटवरसुद्धा पाहिला नव्हता. चौथ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता गावाची सभा होती, आपल्या ग्रामसभेसारखी, कुणीही जाऊन बसू शकतं. हेदरबाईंबरोबर आम्हीही गेलो. लंडनचे गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, स्वच्छ, अतिशय नम्र. ते म्हणाले, कुणाबद्दल वैयक्तिक काही नाही, पण घरात लहान मुलं आहेत, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि रस्त्याने गेलं तर फार तर पंधरा मिनिटं जास्त लागतात. बाकीचे लोक खाली बघत होते. तेव्हा सुहास उभा राहिला. अध्यक्षबाईंनी पाहुण्याला दोन मिनिटं दिली.

"जमीन तुमची असेल," तो इंग्रजीत म्हणाला, "पण लोकांच्या पायाखालची वाट तुमची नाही. तुम्ही यायच्या आधीपासून ती आहे, आणि तुम्ही गेल्यावरही राहील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेदरबाईंनी त्याचा दंड धरला. इराने व्हिडिओ काढला. आणि माझी कानशिलं तापून लाल झाली, कारण मला आमचं कंपाउंड दिसत होतं.

कणकवलीच्या पलीकडे आमची दोन एकर हापूसची बाग आहे, आम्हा दोघांच्या नावावर. बागेच्या वरच्या अंगाला वाडीतली सात घरं. त्यांची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची जुनी वाट, आमच्या बागेतून खाली एसटीच्या थांब्याकडे उतरायची. चार वर्षांपूर्वी सुहासने चौफेर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कंपाउंड घातलं आणि पाखाडी आत गेली. आंबे चोरीला जातात, गुरं शिरतात, उद्या कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, अशी कारणं दिली. वाडीतली माणसं तेव्हापासून ओढ्याकडून वळसा घालून जातात, अर्धा तास जास्त, आणि पावसात तो ओढा भरतो. सुहासच्या चुलतभावाची बायको, सुमनवहिनी, वरच्या पहिल्याच घरात राहतात. छप्पन्न वर्षांच्या. दर वर्षी शारजाला कुणी येणारं असलं की त्यांच्याकडून आमसुलं आणि कुळथाचं पीठ यायचं. भिंत झाल्यावर ते बंद झालं. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुमका गेट आसा. आमका फिरान येवचा लागता."

आणि मी काय केलं होतं? त्या गेटचं डिझाइन मी निवडलं होतं. दुबईतल्या एका व्हिलाचा फोटो काढून सुताराला पाठवला होता. भिशीच्या ग्रुपवर टाकला तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती. पाखाडीचं माझ्या मनात आलं होतं, पण मी बोलले नाही. कंपाउंडचं काम चालू असताना नवऱ्याशी वाद नको, एवढाच विचार केला.

सभेतून चालत परत येताना साडेआठ वाजले होते, पण सफरचंदांवर अजून ऊन होतं. सुहास खुशीत होता.

"तू आत्ता जे बोललास ते मालवणीत बोलून दाखव," मी म्हटलं. "सुमनवहिनींसमोर."

तो थांबला. आधी समजलंच नाही त्याला, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मग म्हणाला, तो विषय इथे कशाला. ते वेगळं आहे. तिथे कागदावर रस्ता नाही, सातबारावर नोंद नाही, वकिलाला विचारूनच भिंत घातली आहे.

"म्हणजे हेदरबाईंकडे नकाशा आहे म्हणून त्यांना पाय आहेत, आणि वहिनींना नाहीत?"

त्याचा आवाज चढला, माझाही. एकोणीस वर्षं उन्हात राबून घेतलेली जमीन आहे, तुला काय माहीत, असं तो म्हणाला. मी म्हटलं, लंडनवाल्यानेही राबूनच घेतली असेल. इरा पुढे चालत होती, मागे वळून म्हणाली, "कॅन यू बोथ स्टॉप? पीपल आर लिसनिंग." खरंच, एका खिडकीचा पडदा हलला होता.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही फक्त मीठ दे, चावी कुठे आहे, एवढंच बोललो. शांत जागेत भांडण झालं की ती शांतता अंगावर येते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. शारजात निदान खाली ट्रॅफिक असतो.

सहाव्या दिवशी मी एकटीच हेदरबाईंबरोबर चालायला गेले. त्या मुद्दाम त्या बंद वाटेवर घेऊन गेल्या. कुलूपवाल्या फाटकापाशी त्यांनी काठी माझ्या हातात दिली, आडव्या दांड्यांवर पाय ठेवत वर चढल्या आणि पलीकडे उतरल्या. मी खालून त्यांचा पाय धरला होता. मग मी चढले. पलीकडे गुडघाभर गवत होतं. दोन वर्षांत वाट बुजत आली होती, पण गवताखाली पायाला अजून कठीण लागत होती. तिथे मी त्यांना आमच्या भिंतीबद्दल सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. त्या म्हणतील, जाऊ दे, तुझा दोष नाही, असं कुठेतरी वाटलं असावं.

त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. थोडं चालल्यावर विचारलं, त्या बाईंचं वय किती. मी सांगितलं. ओझं घेऊन जावं लागतं का. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "पावसात फार वाईट होत असेल." आणि उरलेली वाट त्या माझ्या पुढे चालत राहिल्या. निघायच्या दिवशी निरोप द्यायला त्या आल्या, सुहासचा हात हातात घेऊन आभार मानले, इराला पुस्तक दिलं. माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. त्यांनी त्याला काही सांगितलं नाही. ते काम माझं होतं.

शारजाला परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी गावी धाकट्या दिराला, विनायकला, फोन केला. तो बाग बघतो. मी सांगितलं, पाखाडी जिथे भिंतीला लागते तिथे वर आणि खाली सहा-सहा फूट चिरा काढ. तो म्हणाला, दादाला विचारतो. मी म्हटलं, जमीन माझ्याही नावावर आहे, मी सांगतेय. दहा दिवस तो टाळत राहिला. मी रोज फोन केला. अकराव्या दिवशी त्याने व्हिडिओ पाठवला. भिंतीला खिंडार, पलीकडे पाखाडीची वरची पायरी, शेवाळलेली.

तो व्हिडिओ मी सुहासला दाखवला. तो म्हणाला, मला न विचारता? मी म्हटलं, हो. भिंत घालताना तूही वाडीला विचारलं नव्हतंस. त्याने जेवणाचं ताट उचललं आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. आठ दिवस तसाच बसत होता. तिकडे हेदरबाईंचा मेल आला, फाटकाचं कुलूप अजून तसंच आहे, काउन्सिलचं आणखी एक पत्र आलं आहे. मेल दोघांच्या नावाने होता. त्याने वाचला, उत्तर मात्र लिहिलं नाही.

मग मी सुमनवहिनींना फोन केला. गवत काढलं का, लोक जायला लागले का, विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "तोडूक तू सांगलंस काय त्येणी?"

मी म्हटलं, मी.

"मगे तो इलो काय परत बांधतलो," त्या म्हणाल्या. "आमी फिरानच जातंव."

त्यांनी फोन ठेवला. मी हॉलमध्ये गेले आणि सुहासला ते जसंच्या तसं सांगितलं, की तुझी वहिनी म्हणते, तू गावी आलास की परत बांधणार, म्हणून वाडी अजून वळसा घालूनच जाते. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. बंद केला नाही. बांधणार नाही, असंही म्हणाला नाही.

एप्रिलअखेर आंबा उतरवायला तो दर वर्षी एकटाच गावी जातो. येत्या एप्रिलचं त्याचं तिकीट मी आत्ताच काढलंय, दर चढायच्या आत. बाजूच्या सीटचंही काढलंय. माझ्या नावाने.