उभ्यानं घेतलेली बैठक

गडहिंग्लजकडची एक बाई माझ्याकडे आली, तेव्हा तिचे दोन्ही घोटे सुजून टम्म झाले होते. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. तिला व्यायाम शिकवले, पाय उशीवर ठेवून झोपायला सांगितलं. महिन्याभरात ती तेच पाय घेऊन पुन्हा दारात.

"व्यायाम करत नाही ना?" मी रागानंच विचारलं.

"करतोय की मॅडम. पर साड्यांच्या दुकानात धा तास हुबं ऱ्हायचं. बसाय कायबी न्हाय. भितीला टेकलं तरी मालक डोळं वटारतो."

मला माझ्या त्या उशीची लाज वाटली.

आमच्या फिजिओथेरपिस्टांच्या जिल्हा संघटनेच्या बैठकीत मी हा विषय काढला. एरवी तिथं पाटीवर डॉक्टर लिहावं की नाही, यावरच चर्चा रंगायची. अध्यक्ष माझे जुने सर. ते म्हणाले, "आपण उपचार करणारी माणसं. कायदे करणं आपलं काम नव्हे."

"सर, बरं करून पुन्हा त्याच फरशीवर उभं करायचं, हा उपचार झाला?"

त्याच सुमारास सरकारनं दुकानांच्या नियमांचा मसुदा काढून सूचना मागवल्या होत्या. दर सोमवारी बाजार बंद असायचा, तेव्हा आम्ही तिघी-चौघी दुकानांतल्या बायकांचे पाय, गुडघे, कंबर तपासू लागलो. नोकरी जाईल या भीतीनं कुणी नाव सांगेना. आम्हीही विचारलं नाही. दुकानात बसायची सोय हवी, असा अहवाल तयार झाला. सरांनी दोनदा वाचला आणि सही केली. "बोलायचं मात्र तुम्ही," म्हणाले.

पुण्याला सरकारी अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती; सरही सोबत आले. व्यापाऱ्यांचे एक प्रतिनिधी गोड आवाजात म्हणाले, "गिऱ्हाईक आलं आणि बाई बसलेली दिसली, तर त्याला अपमान वाटतो."

माझं डोकं फिरलं. मी उठले. "मग ही बैठकही आपण उभ्यानंच घेऊ. अधिकारीसाहेबांचा अपमान नको."

"बसा मॅडम," अधिकारी म्हणाले.

"नाही बसत."

शेजारची खुर्ची करकरली. सर उठले होते. त्यांचे गुडघे कसे आहेत, ते मला ठाऊक होतं. हळूहळू आणखी काही जण उठले, शेवटी नाइलाजानं ते प्रतिनिधीही. अधिकारी बसूनच राहिले. मी एकेका बाईचं दुखणं वाचत गेले. अर्ध्या तासानं प्रतिनिधींनी पाठ भिंतीला लावली.

"टेकू नका," सर म्हणाले.

सुधारित मसुद्यात बसण्याची सोय आली, पण 'शक्य असेल तेथे' या शेपटासकट. शक्य आहे की नाही, हे मालकच ठरवणार! आम्ही पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही, तेव्हा तिसऱ्यांदा लिहिलं. अखेर नियम आला तेव्हा ते शेपूट तुटलेलं होतं.

मी ती बातमी त्या बाईला मोठ्या हौसेनं सांगितली. ती हसली.

"स्टूल आलंय की दुकानात. मालकानं त्येच्यावर खोकी रचल्यात."

"मग?"

"मग काय? खोकी खाली ठिवली आन् बसलो."

"मालक काही बोलला नाही?"

"बोलला. म्हनला, ऊठ. म्या म्हनलं, गिऱ्हाईक आलं की उठतो."