तणसात पिकलेलं धड

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि ज्या विमानाबद्दल लिहितो आहे ते मी उडवलेलंही नाही. मी फक्त त्याचं धड केलं. तेवढ्यावर लिहावं का, हे अजून नक्की कळत नाही.

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात रिमोटवर उडणारी विमानं बनवणारी काही मुलं होती. पंख ती करायची. धड माझ्याकडे आलं, कारण काचेच्या कापडाची खाज कोणालाच नको होती. साच्याला मेण चोळायचं, कापड अंथरायचं, ब्रशने रेझिन मुरवायचं, बुडबुडे दाबत बसायचं. कापड कापताना बारीक कुसळं मनगटात शिरतात, अगदी खाजकुयरीसारखी. वर्गात मी बाह्या खाली ओढून बसायचो आणि तासभर काहीच डोक्यात शिरायचं नाही.

धड दोन भागांत होतं. डावा भाग नीट निघाला. उजवा थंडीने कडकच होईना. बोट लावलं की चिकट. दोनदा फेकून दिला. विमान उडवणारा आमचा सीनियर भद्रावतीचा. तो शांतपणे म्हणाला, "आता लास्ट. नाई जमलं तं रेडिमेड थर्माकोलचं घेऊ. तुह्या धडाच्या भरोशावर स्पर्धा थांबणार नाई."

त्याचं चूक नव्हतं.

तिसऱ्यांदा कापड अंथरलं आणि घरून फोन आला. बाबांचा खांदा धरला होता, धान चुरायचं, म्हणजे मळायचं, राहिलं होतं. साचा पोत्यात गुंडाळून घरी जायला सावली गावाची बस धरली. रेझिनच्या वासाने हैराण झालेल्या कंडक्टरने यात काय सडलं म्हणून विचारलं. विमान आहे म्हटल्यावर म्हणाला, मग त्यातच बसून काऊन नाही गेला.

दिवसभर धान चुरलं. संध्याकाळी ओलसर तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात हात गेला, तर आत चांगलीच ऊब होती. साचा तिथे पुरला.

आई बघत होती. "काऊन रे, आंबे हायत का ते?"

"नाई, विमान हाय."

"मंग पिकल्यावर मले सांगजो," म्हणाली आणि सूप घेऊन गेली.

मी रोज चुरून थकायचो आणि झोपण्याआधी ढिगात हात घालून बघायचो. एका सकाळी नख मारलं तर टणक आवाज आला. साच्यातून अख्खा भाग सुटला. पण गुंडाळलेलं पोतं सरकलं होतं आणि तणसाच्या काड्या रेझिनमध्ये पक्क्या बसल्या होत्या. घासून काही निघाल्या, बाकीच्या तशाच राहिल्या. चंद्रपूरच्या दवाखान्यात निघालेल्या शेजारच्या भाऊंच्या हाती तो भाग पाठवला. मला निघता येत नव्हतं.

मग काहीच कळेना. तो भाग जोडला, की काड्या बघून हसले आणि थर्माकोलचं आणलं? रेंज फक्त बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावतळ्याच्या बांधावर. काम आटोपलं की तिथे जाऊन उभा राहायचो. सीनियरला मेसेज केले, उत्तर आलं नाही. स्पर्धेचा दिवसही गेला. पोती घरात आली, बाबांचा खांदा जरा हलू लागला, तरी मी पाळीवर जातच होतो. आता जायला पायही नको म्हणायचे.

शेवटी त्याचाच फोन आला. घसा बसलेला, बसमध्ये होता.

"उडालं," तो म्हणाला. "नंबर नाई आला. उतरताना आदळलं, दोन्ही पंख गेले."

मी धडाचं विचारणार, तेवढ्यात तोच पुढे म्हणाला,

"तुह्या धडाले काई नाई झालं. पुढच्या वर्षी यालेच पंख लावू. आन् ऐक, परीक्षकानं आतमंदी पाहून विचारलं, हे पिवळं कोणतं फायबर हाय म्हणून."

"मंग?"

"म्या सांगतलं, तणीस."