हरणटोळाच्या नावावर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दूध संस्थेच्या चेअरमनला नाही. ज्यांच्याबरोबर काठी-पिशवी घेऊन गावोगाव साप धरत हिंडलो, त्या सोबत्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे बघा — यातही हिंमत अशी काही नाहीच.

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात मी दूध संस्थेचा सेक्रेटरी, आणि वर सर्पमित्र. या दुसऱ्या पदाचा मला भारी माज. शाळेत बोलवायचे, शाल-नारळ द्यायचे. मी नाग हातात धरून फोटो काढून घ्यायचो आणि लगेच पोरांना सांगायचो, सापाशी खेळू नका. साप चावला तर दोरी आवळू नका, हेही सांगायचो — हे वाक्य जरा लक्षात ठेवा. टाळ्या वाजवणाऱ्यांची मला मनातून कीव यायची. धामण दिसली तरी पळत सुटणारी माणसं ही. त्यांच्यात आपण एकटेच शहाणे, असं मला खरोखर वाटायचं.

पण नाग-घोणस धरून धरून मन भरलं होतं. मला हवा होता चापडा. चापडा म्हणजे सह्याद्रीच्या घाटात झाडावर राहणारा विषारी साप — पानासारखा हिरवा, तिकोनी डोक्याचा, दिवसभर फांदीला धरून गप्प बसणारा. आमच्या सीताफळाच्या डोंगरात तो कुठला असायला? एका पावसाळ्यात घाटात गेलो आणि नर-मादीची जोडी उशीच्या अभ्र्यात बांधून एसटीने घेऊन आलो. शेजारी एक म्हातारबुवा माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. साप पाळणं गुन्हा आहे हे मला ठाऊक नव्हतं? मीच तर ते शाळाशाळांतून सांगत होतो.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, संस्थेचं दूध थंड करायचं यंत्र बंद पडलं. त्या यंत्राची खोली — जाड भिंती, फरशी, आत गारवा — रिकामी झाली, आणि मी माझ्या सापांच्या पेट्या तिथे हलवल्या. चापड्याला दमट हवा लागते. वाटीत पाणी ठेवलं तर तो सहसा तोंड लावत नाही. पानावरचे, स्वतःच्या अंगावरचे थेंब पितो. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा. पाणी कुठलं? टँकरचंच. कॅन धुवायला लागतं म्हणून संस्थेच्या नावाने मी ड्रम भरून घ्यायचो. कॅन तर कोरडे ठणठणीत पडले होते. बाहेर बायका घागरींवरून एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या आणि मी आत सापांवर पाऊस पाडत होतो.

लाज? नाव काढू नका. मादीला पिलं झाली — चापडा अंडी घालत नाही, जिवंत पिलंच देतो — तेव्हा मी इतका फुगलो, की मुलगी झाली तेव्हाही तेवढा फुगलो नव्हतो. पेटीची जाळी मोठ्या सापांच्या मापाची होती. पिलू असतं चपलेच्या बंदाएवढं. एक पिलू कमी दिसतंय, हे मला एका सकाळी कळलं होतं. मोठ्या सापाने खाल्लं असेल, असं म्हणालो आणि कुलूप लावून चहाला गेलो.

केसरबाई आमच्या संस्थेचे कॅन धुवायची. म्हशी होत्या तिच्या, दूधही घालायची. खोलीची किल्ली चौकटीवर असते हे तिला माहीत होतं. त्या दुपारी टँकर आलाच नाही. तिने कुलूप काढलं आणि घागरभर पाण्यासाठी ड्रमवरचं ओलं पोतं उचललं. पिलू त्या ओलाव्याला येऊन बसलं होतं.

ओरडणं ऐकून मी धावलो. "भाऊ, कायतरी चावलं ओ. हिरवं व्हतं, बारीक," ती म्हणाली. मागून माणसं येत होती. मी आधी काय केलं असेल? तिचा हात नाही पाहिला. पिलू पिशवीत घातलं, पेट्यांवर पोती ओढली, आणि मग दारात उभा राहून सांगितलं, "हरणटोळाचं पिल्लू आहे. काही होत नाही."

हरणटोळही हिरवा, झाडावरचाच. आमच्याकडे अधूनमधून दिसतो, आणि त्याच्या चावण्याने माणसाला काही होत नाही. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? तिच्या सासूने बोटांवर सुतळी आवळली. मी ती पाहिली. सोडा म्हणालो असतो तर बोलणं वाढलं असतं, माणसं आत आली असती, कुणीतरी पोतं उचललं असतं. मी म्हणालो, "घरी न्या, हळद लावा."

दुसऱ्या दिवशी सूज कोपरापर्यंत चढली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलाच फोन केला — सर्पमित्र म्हणून. नक्की हरणटोळच ना? मी म्हणालो, "नक्की. मी स्वतः धरलाय."

उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. खरं सांगितलं असतं तर वाचली असती का? हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं सोयीने वापरला. कुण्या डॉक्टरला विचारलं मात्र कधीच नाही.

आणि माझे लाडके साप? सगळे एका दुधाच्या कॅनमध्ये कोंबले, झाकण दाबलं आणि कॅन उन्हात ठेवला. आतला आवाज थांबेपर्यंत मी सावलीत बसून होतो. सर्पमित्र.

गाव म्हणालं, केसर चोरून पाणी न्यायला गेली, देवानं दाखवलं. त्या ड्रममधलं पाणी कोण चोरत होतं, हे एकट्या मला माहीत होतं. मी मान डोलावली. मग कुणीतरी विचारलं, हरणटोळाने बोटं कशी सडली? मी म्हणालो, दुष्काळात पाणी मिळत नाही, सापाचं विष घट्ट होतं. इतकं अडाणी वाक्य गावातल्या कुठल्याही अडाण्याने उच्चारलं नसतं. पण सेक्रेटरीने सांगितलं म्हणताना सगळ्यांनी मानलं.

पाऊस परत आला, छावणी उठली, संस्था सुरू झाली. केसरबाईला धार काढता येईना. तिने म्हशी विकल्या. कॅन मात्र अजून तीच धुते, डाव्या हाताने. येईल त्याला सांगते, "भाऊ व्हते म्हून जीव वाचला." संस्थेने माझा सत्कार केला तेव्हा ओवाळायला तिलाच बोलावलं होतं. मी वाकून कुंकू लावून घेतलं.

आता आमच्या गावात हरणटोळ जगत नाही. दिसला की ठेचतात. बिचारा निरुपद्रवी साप — मी एका वाक्यात त्याला बोटं खाणारा केला. मागच्या महिन्यात केसरबाई संस्थेच्या दारात आली. काठीवर एक हरणटोळ लोंबत होता, डोकं चेचलेला. काठी तिने उरलेल्या तीन बोटांत धरली होती.

"भाऊ, ह्यो बगा. मारला. लेकराबाळांच्या अंगणात आलता."

मी तो साप पाहिला. तिचा हातही पाहिला. आणि म्हणालो, "बरं केलंत, केसरबाई."