घडीसकट लॅमिनेट झालेली नोट

जुन्या कागदांची माहिती असलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या जोयडा तालुक्यात पूर्वी एकीकडून ब्रिटिशांचा पैसा यायचा, दुसरीकडून गोव्यातला पोर्तुगिजांचा. कुणाच्या घरात त्यातलं काय उरलंय, याची मी गावोगाव फिरून नोंद करते.

दिग्गी गावच्या एका काकांकडे त्यांच्या वडिलांनी गोव्यातून आणलेली नोट आहे. चार घड्या घातलेली, ओलीने चिकटलेली. वर फक्त एका जहाजाची डोलकाठी दिसते. गेल्या महिन्यात मी बजावलं होतं, "उघडू नका, हवा लागू देऊ नका. मी जाणकारांना विचारून येते."

आज गेले, तर काकांनी हसत नोट पुढे केली. झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केलेली. घडीसकट!

"आता हवेचा बाप बी आत जाईत न्हाई."

काकू म्हणाल्या, "सोताचं आधार कार्ड फाटलंय, ते ऱ्हायलं. बाची नोट म्हणून पयल्या बसनं जोयड्याला पळालं!"

घरात पहिली पदवीधर मी. काय करायचं ते ऐटीत सांगून आले, पण का, ते सांगायचं सुचलं नाही.

हे प्लास्टिक कागद न फाटता निघतं का? खोटा धीर देऊ नका, खरं सांगा.

निघताना काकांनी विचारलं, "बानं काय आणलं हुतं, कवा वाचून दावतीस?"

मी "लवकरच" म्हणाले.