आरोग्यमचं आखूड वल्हं

वल्हं आरोग्यमच्या हनुवटीशी संपलं. डोक्याच्या वर जायला हवं होतं.

तो हॉटेलच्या घाटावर उभा होता, नखशिखांत भिजलेला. दोनदा पाण्यात पडला होता. मी त्याच्याकडं बघितलं, वल्ह्याकडं बघितलं. वल्हं मी केलेलं.

"अक्का," तो म्हणाला, "माझ्यासाठी केलंस की माझ्या नातवासाठी?"

हसत होता. पण परवा सकाळी मद्रासहून मालक येणार, हे त्यालाही ठाऊक, मलाही.

आरोग्यम आमच्या नदीचा नावाडी. बापही नावाडी, आजाही. वेताच्या गोल परिसलीतून, म्हणजे टोपलीसारख्या नावेतून, माणसं, शेळ्या, भाताची पोती पलीकडं न्यायचा. मग पूल झाला. पुलाला नावं कशी ठेवायची? चांगलाच झाला. पण परिसल उलटी पडली ती पडलीच. वर्षभर हा माणूस दुसऱ्याच्या नारळबागेत राखण करीत बसला. त्याच्यानं ते होईना.

तेवढ्यात नदीकाठी हे हॉटेल झालं. ती वर्षंच तशी होती. गल्लोगल्ली फोनचे बूथ, घरोघरी केबल, अन् तंजावुरात देऊळ बघायला येणारे वेल्लक्कार, म्हणजे गोरे लोक. मालकानं कुठूनशी एक लांब चपटी फळी आणली. तिच्यावर बसून नाही, उभं राहून वल्हं मारायचं. वल्हं वाटेत लॉरीतच मोडलं. मॅनेजर आरोग्यमला म्हणाला, "वल्हं करून घे, उभा राहून दाखव. मालकाला पटलं तर पाहुण्यांना पुढं बसवून फिरवायची, शिकवायची नोकरी. नाही पटलं तर मद्रासचा माणूस येईल."

मी दांडे करते. म्हणजे नवरा करायचा. फावड्याचे, कुदळीचे दांडे, आचाऱ्यांचे पायसम ढवळायचे मोठे लाकडी हाते. तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी देवळापाशी फुलं बांधून विकली, नऊ वर्षं. तो गेला, मग त्याचा रंधा घेतला. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, आणखी काय करणार? हात होते.

आरोग्यमनं बसच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, वल्हं चार मुळं हवं. मुळम म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आमच्याकडं फुलं त्याच मापानं विकतात, अन् विकणारीच्या हातानं मोजतात. गिऱ्हाईक मोठ्या हाताचं असलं तरी हात तिचाच. मी नऊ वर्षं तशीच मोजलेली. सागाची पट्टी घेतली, माझा हात ठेवला, चार मुळं मोजली, पातं कोरलं, बसनं पाठवून दिलं, अन् कसं चालतं ते बघायला मागाहून आले. आरोग्यम बसच्या दारात वाकून चढणारा माणूस. त्याचा हात माझ्यापेक्षा चार बोटं लांब. चार मुळांत सोळा बोटं गेली.

मॅनेजर आला. पोरगेला, गळ्यात टाय, उन्हानं घामेजलेला.

"माप कुणी घेतलं?"

"मीच चुकीचं सांगितलं सार," आरोग्यम पट्कन म्हणाला.

मला ते आवडलं नाही. "ह्यानं बरोबर सांगितलं," मी म्हटलं. "मोजलं मी. माझ्या हातानं मोजलं."

"आधी तुम्ही दोघं ठरवा चूक कुणाची ते," मॅनेजर म्हणाला. "मला शुक्रवारी सकाळी वल्हं पाहिजे."

बुधवारची दुपार होती. नवं वल्हं म्हणजे पातं कोरायलाच तीन दिवस. आहे तेच वाढवायला हवं.

आरोग्यमला भिंतीला टेकून उभा केला. हात वर करायला लावला, मनगट वाकवायला लावलं. जमिनीपासून मनगटापर्यंत दोरा धरला. ह्या वेळी त्याचं अंग मोजलं, माझा हात नाही. वल्ह्याला दोरा लावला. वीत अन् चार बोटं कमी. म्हणजे तीच सोळा बोटं.

"वरती एक तुकडा ठोक की," तो म्हणाला. "दोन खिळे मार."

"खिळ्यानं लाकूड फाटतं. नदीच्या मधोमध फाटलं तर?"

"मला पोहता येतं."

"नोकरीला येतं का?"

त्यानं वल्हं माझ्या हातात दिलं.

घरी आणलं. लाकूड जोडायचं तर टोकाला टोक लावून भागत नाही, पहिल्याच झटक्याला सुटतं. दोन्हीकडं तिरपा काप घ्यायचा, जाडीच्या आठपट लांब, अन् दोन्ही काप एकावर एक निजवायचे. म्हणून सोळा बोटं वाढवायची तर तुकडा त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतो. सासू ओसरीवरून बघत होती. तिचा हिशेब वेगळा.

"अगे, वीतभर वाढवायला अडीच वीत लाकूड? फुलांत अशी नुकसानी नव्हती."

"फुलं दुसऱ्या दिवशी सुकायची, अत्तै."

"हे बुडेल."

"बुडत नाही, लाकूड आहे."

सांधा कुठं घ्यायचा हेही बघावं लागतं. खालचा हात धरतो तिथं सगळा जोर येतो, तिथं नको. पात्याजवळ नको. मी वरची मूठ काढली अन् तिच्याखाली सांधा घेतला. सागाचा उरलेला तुकडा पुरेना. घरात फणसाचा होता, पिवळा. तोच घेतला. दोन रंग लोकांना दिसतील म्हणून थांबायला वेळ नव्हता.

दोन नळ्यांचा चिकट गोंद येतो, एकात एक कालवायचा. तो लावला. दाबून धरायला माझ्याकडं यंत्र नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या अन् ताणून गुंडाळल्या, गच्च. गुरुवारी दिवसभर उन्हात ठेवलं. सासू कावळे हाकत बसली. संध्याकाळी पट्ट्या सोडल्या, घासलं, मूठ बसवली, तेल चोळलं. सांध्यावर गुडघा ठेवून अंगाचा भार टाकला. कुरकुरलं नाही.

शुक्रवारी सकाळच्या बसनं मी स्वतः घेऊन गेले. कंडक्टरला दिलं नाही.

मालक म्हणजे पोट असलेला, मऊ बोलणारा गृहस्थ. आरोग्यम फळीवर चढला. गुडघ्यावर बसला, मग उभा राहिला. ताठ. वल्हं पाण्यात घातलं, ओढलं. फळी सरळ गेली. वळणापर्यंत गेला, प्रवाहाला उलटा परत आला. मी सांध्याकडंच बघत होते, त्याच्याकडं नाही.

मालकानं वल्हं हातात घेतलं. लाल सागावर पिवळा फणस, मधे तिरपी रेघ.

"हे दोन रंगांचं? सांधा आहे? मोडणार नाही?"

मॅनेजर माझ्याकडं बघू लागला. आरोग्यम म्हणाला, "मोडलं तर मी पडीन सार. तुमचा पाहुणा फळीवर बसून राहील."

मालक हसला. "सोमवारपासून ये." मग मला म्हणाला, "अम्मा, आणखी फळ्या येणार आहेत, अशीच आणखी सहा वल्ही करा. दोन रंगांची. छान दिसतं."

"सबंध लाकूड मिळतं साहेब. जोड कशाला?"

"नको, जोड पाहिजे."

मग काय. सहा चांगले दांडे घेतले, मधून कापले, परत जोडले. पाहुणे सहा उंचीचे असतील म्हणून मॅनेजरकडून प्रत्येकाचं माप फुटात लिहून घेतलं अन् खाली त्याची सही घेतली.

आरोग्यम अठरा वर्षं त्या घाटावर होता. जोडलेलं पहिलं वल्हं त्यानं कुणाला हातात घेऊ दिलं नाही. मी दांडे करीतच राहिले. एवढंच शिकले की गिऱ्हाईकाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय रंध्याला हात लावू नये, अन् चूक झालीच तर ती तिरपी कापावी. सरळ कापलेली जुळत नाही.